अळिंबीच्या खोलीतील स्प्लिट एसी थंडावा देत नसेल तर दोष कसा ओळखावा?

बटण अळिंबीला बुरशीच्या वाढीसाठी २२ ते २५ अंश सेल्सिअस आणि फळधारणेसाठी १४ ते १८ अंश तापमान लागते. राज्याच्या बहुतेक भागांत थंडीचे दिवस सोडले तर हे तापमान एसीशिवाय मिळत नाही. धिंगरीला २० ते २८ अंश चालतात, तरी उन्हाळ्यात तिच्याही खोलीत एसी लावावा लागतो. लहान उत्पादक यासाठी घरगुती स्प्लिट एसी वापरतात. तो ऐन पिनहेड अवस्थेत बंद पडला, तर दोन दिवसांत पूर्ण बहर हातचा जाऊ शकतो. अशा घाईत मेकॅनिक येतो, ‘गॅस संपला’ म्हणतो, गॅस भरून जातो आणि महिन्या-दोन महिन्यांत तेच पुन्हा होते.

एसीतील गॅस वापराने संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता भरलेला गॅस म्हणजे वाया गेलेले पैसे. त्यामुळे मेकॅनिकला बोलावण्याआधी पुढील गोष्टी स्वतः पाहून घ्या.

दोष यंत्राचा की खोलीचा?

एसी १६ अंशांवर आणि पंखा पूर्ण वेगावर ठेवून २० मिनिटे चालवा. मग साध्या डिजिटल थर्मामीटरने इनडोअर युनिटच्या वरच्या जाळीत शिरणाऱ्या हवेचे आणि खालून बाहेर पडणाऱ्या हवेचे तापमान मोजा. फरक ८ ते १२ अंश असेल तर यंत्र ठीक आहे. अळिंबीच्या खोलीत आर्द्रता ८५-९० टक्के असते, तिथे हा फरक ६-७ अंशांवर येऊ शकतो, कारण एसीची बरीच ताकद हवेतील वाफेचे पाणी करण्यात जाते. अशा वेळी ड्रेन पाइपकडे पाहा. तिथून पाण्याची धार चालू असेल तर एसी काम करतो आहे.

यंत्र ठीक असूनही खोली थंड होत नसेल तर कारण खोलीत शोधा. पावसाळ्यात ताज्या हवेचा पंखा गरजेपेक्षा जास्त वेळ चालू राहिला, तर बाहेरची दमट हवा सतत आत येते. एक लिटर पाणी हवेतून काढायला दीड टनाच्या एसीची सुमारे आठ मिनिटांची पूर्ण ताकद खर्च होते. वाफेवर आर्द्रता वाढवणाऱ्या उपकरणाचेही तेच. शिवाय बुरशी वाढताना बेड स्वतः उष्णता देतात, म्हणून एका खोलीत क्षमतेपेक्षा जास्त पिशव्या भरल्या की एसी मागे पडतो. थर्मामीटर भिंतीवर न लावता मधल्या रॅकवर, बेडच्या उंचीला टांगा. एक थर्मामीटर बेडमध्येही खुपसून ठेवा. बेडचे तापमान ३० अंशांच्या पुढे जाऊ देऊ नका.

घरगुती एसीच्या रिमोटची खालची मर्यादा बहुधा १६ अंश असते. त्यावर १४ अंश मिळत नाहीत म्हणून यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही.

कॉइलवर बर्फ धरतो

अळिंबीच्या खोलीत ही तक्रार सर्वांत जास्त आढळते. भुशाची धूळ आणि धिंगरीचे बीजाणू फिल्टरवर व त्यामागच्या कॉइलवर पिठासारखे बसतात. हवा कमी वाहते, कॉइल शून्याखाली जाते आणि बर्फ जमतो. गॅस कमी असला तरी बर्फ धरतो, म्हणून दोन्हींत फरक करता आला पाहिजे.

एसी बंद करून फक्त पंखा चालवा आणि बर्फ पूर्ण वितळू द्या. फिल्टर धुवा, कॉइल साफ करा आणि एसी पुन्हा सुरू करा. बर्फ परत आला नाही तर दोष हवेच्या प्रवाहाचा होता. परत आला आणि तोही कॉइलच्या एका कोपऱ्यातच, बाकीची कॉइल कोरडी व कोमट असेल, तर गॅस कमी असण्याची शक्यता मोठी. खात्रीसाठी आउटडोअर युनिटच्या व्हॉल्व्हजवळील उघड्या नळ्या पाहा. जाड नळी थंड असून तिला घाम आला असेल तर ठीक. बारीक नळीवर पांढरा बर्फ आणि जाड नळी कोरडी असेल तर गॅस कमी आहे. नटच्या जोडाभोवती तेलकट डाग दिसला तर बहुधा गळती तिथेच आहे. साबणाचा फेस लावा, बुडबुडे येतात का पाहा.

ज्या खोलीत फॉर्मेलिनची धुरी दिली जाते किंवा कंपोस्टचा अमोनिया साठतो, तिथे तांब्याची कॉइल खाल्ली जाऊन सूक्ष्म छिद्रे पडतात. धुरी देताना एसी बंद ठेवा आणि इनडोअर युनिट प्लास्टिकने झाका.

आउटडोअर युनिट

पंखा फिरतो, पण कॉम्प्रेसर घुं घुं करून काही सेकंदांत बंद पडतो आणि थोड्या वेळाने पुन्हा तसेच होते. यामागे बहुधा कपॅसिटर किंवा कमी दाब असतो. कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणी प्लगजवळ मल्टिमीटरने दाब मोजा. एरवी २२० व्होल्ट दाखवणारा काटा त्या क्षणी १७०-१८० पर्यंत कोसळत असेल, तर वायर बारीक आहे किंवा जोड सैल आहे. मीटरपासून शेडपर्यंत लांबून ओढलेल्या वायरीत असे होते. कपॅसिटर मात्र स्वतः हाताळू नका. वीज बंद केल्यावरही त्यात धक्का बसेल इतका भार राहतो.

वीज गेल्यावर परत आली की एसी सुमारे तीन मिनिटे सुरू होत नाही. हा दोष नव्हे, कॉम्प्रेसर वाचवणारी सोय आहे. तेवढ्या वेळात बटणे दाबत बसू नका.

कॉम्प्रेसर चालतो, पण दुपारीच बंद पडतो आणि रात्री नीट चालतो, तर बाहेरची कॉइल तपासा. कुट्टी यंत्राजवळ किंवा भुसा भिजवण्याच्या जागेजवळ लावलेले युनिट काही आठवड्यांत चोंदते. गरम हवा परत फिरून येईल अशा बंद कोपऱ्यात ते नको. मुख्य स्विच बंद करून कमी दाबाच्या पाण्याने धुवा. फवारणी पंपाचा जोराचा झोत मारला तर पातळ पट्ट्या वाकतात.

विस्तार कार्यकर्त्यांकडे क्लॅम्प मीटर असेल तर साध्या एसीत आणखी एक खूण मिळते. विद्युतप्रवाह नावाच्या पट्टीवरील आकड्यापेक्षा बराच कमी असेल तर गॅस कमी, बराच जास्त असेल तर बाहेरची कॉइल चोंदलेली. इन्व्हर्टर एसीत प्रवाह सतत बदलतो, तिथे ही खूण धरू नये.

आत पाणी टपकते

ड्रेन पाइपमध्ये शेवाळासारखा बुळबुळीत थर साचतो, नाहीतर पाइपचे टोक पाण्यात बुडालेले असते. एसीखालच्या पिशव्या आधी हलवा. बटण अळिंबीच्या टोप्या ओल्या राहिल्या तर जिवाणूंमुळे त्यांवर तपकिरी डाग पडतात आणि माल विकला जात नाही. फॉगरचा झोत इनडोअर युनिटकडे असेल तर तो वळवा.

मेकॅनिक आल्यावर

मोजलेले दोन्ही तापमानांचे आकडे, नळ्यांची स्थिती आणि डिस्प्लेवरील एरर कोड त्याला सांगा. गॅस भरायचाच असेल तर क्रम ठरलेला आहे : नायट्रोजन भरून गळती तपासणे, दुरुस्ती, व्हॅक्यूम पंपाने नळ्या रिकाम्या करणे, मग युनिटच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस काट्यावर मोजून भरणे. आर-३२ गॅस पेट घेऊ शकतो, त्यामुळे डागणीआधी तो पूर्ण काढलेला असावा आणि दारे उघडी ठेवावीत.

दुरुस्तीला वेळ लागणार असेल तर पिशव्या विरळ करा, ताजी हवा फक्त रात्री व पहाटे घ्या, जमिनीवर आणि भिंतींवर पाणी मारा आणि काढणीला आलेली अळिंबी त्याच दिवशी काढून घ्या.