यादृच्छिक संख्यानिर्मिती
यादृच्छिक संख्यानिर्मिती : ज्या क्रमातील पुढील संख्येचे भाकीत आधीच्या संख्यांवरून करता येत नाही व ज्यात ठरलेल्या पल्ल्यातील प्रत्येक संख्येची संभाव्यता समान असते, असा क्रम तयार करण्याची प्रक्रिया. नमुना सर्वेक्षण, सदृशीकरण, गुप्तलेखन व सोडत यांत तिचा उपयोग होतो.

फासे, चिठ्ठ्या ही प्राचीन साधने होत. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ लेनर्ड टिपेट (१९०२–८५) यांनी १९२७ मध्ये जनगणना अहवालांतील आकड्यांवरून ४१,६०० अंकांचे कोष्टक प्रसिद्ध केले. प्रशांतचंद्र महालनोबीस व त्यांचे सहकारी यांनी १९३४ मध्ये प्रसामान्य समष्टीतील नमुन्यांची कोष्टके प्रसिद्ध केली. अमेरिकेतील रँड कॉर्पोरेशनने १९५५ मध्ये दहा लक्ष अंकांचे कोष्टक ग्रंथरूपाने काढले.

संगणकाच्या स्मृतीत एवढी कोष्टके साठविणे त्या काळी अवघड होते. म्हणून जॉन फोन नॉयमान (१९०३–५७) यांनी संख्येचा वर्ग करून मधले अंक घेण्याची रीत सुचविली. परंतु तीत क्रम लवकरच शून्यावर किंवा लहानशा चक्रात अडकतो. डेरिक लेमर (१९०५–९१) यांनी १९४९ मध्ये मांडलेल्या रीतीत आधीच्या संख्येला स्थिरांकाने गुणून ठराविक संख्येने भागतात व बाकी ही पुढील संख्या मानतात. असे क्रम सूत्रबद्ध असल्याने त्यांना आभासी यादृच्छिक म्हणतात. स्थिरांकांची निवड चुकल्यास दोष उद्‌भवतो. १९६०–७० च्या दशकात प्रचलित असलेल्या ‘रँडू’ या रीतीतील लागोपाठच्या तीन-तीन संख्या अवकाशात बिंदुरूपाने मांडल्यास ते सर्व बिंदू केवळ १५ प्रतलांवर पडतात.

इष्ट पल्ला : मिळालेली संख्या इष्ट पल्ल्यात आणणे, हा स्वतंत्र प्रश्न आहे. ० ते ९ या अंकांवरून १ ते ६ संख्या हव्या असल्यास ६ ने भागून बाकीत १ मिळविण्याची रीत सोपी वाटते. पण तीत १ ते ४ या प्रत्येक संख्येची संभाव्यता २/१०, तर ५ व ६ यांची प्रत्येकी १/१० येते. ६ ते ९ हे अंक आल्यास ते सोडून पुढचा अंक घेणे, हा त्यावरील उपाय होय. कोष्टके वापरणारे सर्वेक्षक हाच उपाय योजीत. संगणकातील पल्ला मोठा असल्यास हा दोष अल्प असतो, तथापि गुप्तलेखनात तोही त्याज्य ठरतो.

निवडीतील विषमतेचे परिणाम गंभीर होऊ शकतात. व्हिएटनाम युद्धाच्या काळात अमेरिकेत १ डिसेंबर १९६९ रोजी सक्तीच्या सैन्यभरतीसाठी ३६६ जन्मतारखांची सोडत काढण्यात आली. तारखांच्या कुप्या महिन्यांच्या क्रमाने भरलेल्या होत्या व त्या पुरेशा मिसळल्या गेल्या नाहीत. सर्व तारखांच्या क्रमांकांची सरासरी १८३.५ असता डिसेंबरमधील तारखांची सु. १२१.५ भरली. लहान क्रमांकांना आधी बोलावणे येत असल्याने त्या महिन्यात जन्मलेल्या तरुणांवर भरतीचा भार अधिक पडला. पुढील वर्षीच्या सोडतीत यादृच्छिक क्रमांची मदत घेण्यात आली.

माकोतो मात्सुमोतो व ताकुजी निशिमुरा यांच्या १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रीतीचे आवर्तन २<sup>१९९३७</sup> − १ इतके दीर्घ असून ती सदृशीकरणात रूढ झाली. गुप्तलेखनासाठी मात्र आधीच्या संख्यांवरून भाकीत करता येणार नाही अशा रीती वापरतात व त्यांचा आरंभ भौतिक गोंगाटासारख्या स्रोतांपासून करतात.