मोमिनाबादच्या छावणीतली कडू बाटली

डोळे मिटू नका, गाडीवरून पडाल. साट्याची कड घट्ट धरा. तुमच्या पाठीशी कडब्यात रुतवलेली पिंपं आहेत, पिंपांत गवत आणि गवतात बाटल्या. बर्टन-ऑन-ट्रेंट नावाच्या इंग्रजी गावातली पेल एल, म्हणजे फिकट रंगाची बिअर, आहे ती. आफ्रिकेला वळसा घालून जहाजानं मुंबईला आली, मग रेल्वेनं बार्शी रोडला, म्हणजे आपल्या कुर्डुवाडीला, आणि आता बैलगाडीत. 1860 नंतरची ही वर्षं. सुएझचा कालवा 1869 मध्ये उघडायचा आहे. माल जायचाय मोमिनाबादला, आपल्या अंबाजोगाईला. तिथं हैदराबाद कंटिन्जंटच्या, म्हणजे निजामाच्या राज्यातल्या, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेच्या, घोडदळाची छावणी आहे.

येरमाळ्यात गाडी मुंगीच्या पावलानं चाललीय, कारण आज चैत्री पौर्णिमा. चारी वाटांनी माणूस येडेश्वरीला लोटलंय. ‘आई राजा उदो उदो’ असा गजर उठला की बैल कान टवकारतात. पोतांच्या तेलाचा धूर डोळ्यांना झोंबतो, अंगावर हळद उडते, कुणाच्या तरी कडेवरचं लेकरू तुमच्या मांडीवर येऊन बसतं आणि त्याची आई बिनघोर पुढं चालू लागते. गाडीवान ओरडतो, “सायबाचा माल हाय, वाट सोडा!” कुणी सोडत नाही. तुम्हीही उतरा, चाला थोडं. या गर्दीत खांद्याला खांदा घासत चालण्याचं सुख गाडीत बसून मिळणार नाही.

कळंबच्या पुढं मांजरेच्या वाळूत चाकं रुततात. सगळे उतरून खांदा लावतात, तुम्हीही लावा. पहाट झालीय, नदीकाठच्या शिंदीच्या झाडावरून नुकतंच मडकं उतरलंय. गाडीवान पळसाचा द्रोण पुढं करतो. घ्या. गोड, गारसर, किंचित धुरकट. उरलेली शिंदी तो लोट्यात ठेवतो. दुपारी झाकण काढाल तेव्हा ती फसफसलेली असेल, आंबट वासानं नाक मुरडाल. शिंदी ज्या झाडाची, त्याच झाडाखाली प्यावी. ही चव लक्षात ठेवा, छावणीत लागेल.

छावणी डोळ्यांआधी नाकाला कळते. लीद, भिजवलेल्या हरभऱ्याची चंदी, घामट खोगिराचं कातडं. इथला शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन नोकरीला येतो, त्यामुळं घोड्याचा खरारा तो पोटच्या पोराला न्हाऊ घालावं तसा करतो. ऊन इतकं की जमिनीवर पाय टेकवत नाही. मेसच्या बंगल्याला मात्र वाळ्याच्या तट्ट्या लावल्यात, पखालजी त्यांवर पाणी मारतोय, आणि त्यातून आत येणाऱ्या झुळकेत उभं राहिलात तर हलावंसं वाटणार नाही.

तरी हला. मागच्या पडवीत आबदार बसलाय, त्याच्याकडं चला. पेय गार करणं एवढंच त्याचं काम. मोमिनाबादला बर्फ नाही, म्हणून त्याच्यापुढं सोरा आहे. पाण्याच्या टोपात तो मुठीनं सोरा टाकतो आणि त्यात बाटली सावकाश फिरवत राहतो. सोरा विरघळताना पाण्यातली उष्णता ओढून घेतो. बोटं बुडवून पाहा. बाहेर चैत्राचा वणवा आणि इथं बोटं आखडताहेत! मला या सगळ्या प्रवासातला सर्वांत मोठा कारागीर हाच वाटतो.

“बेटा, हिला मत,” तो दटावतो. बाटलीच्या तळाशी खमिराचा गाळ आहे; हलली तर सगळं गढूळ. तो बूच उपटतो, दबका आवाज होतो. तो स्वतः पीत नाही. बूच नाकाशी नेतो, मान डोलावतो आणि तुमच्याकडं देतो.

लगेच प्यायची घाई नको, आधी वास घ्या. वाळलेलं गवत, मध, लिंबाची साल. हा हॉप्सचा वास. हॉप्स म्हणजे वेलीचे हिरवे, कागदी पाकळ्यांचे तुरे. आत पिवळी भुकटी असते, तिच्यात कडवटपणाही आणि सुगंधही. गांजाच्या कुळातली ही वेल. केंट परगण्यात सप्टेंबरात तोडणी होते, लंडनची गरीब कुटुंबं लेकराबाळांसह राबायला जातात. ओले तुरे झटकन खराब होतात, म्हणून लगेच भट्टीवर वाळवतात. काही आंबवण्याआधीच्या माल्टच्या रसात उकळतात कडूपणासाठी, आणि निर्यातीच्या पिंपात शेवटी आणखी मूठभर कोरडेच टाकतात.

आता घोट घ्या. रंग सोनेरी, फेस पातळ. जीभ आक्रसली ना? पंधरवड्यापूर्वी पाडव्याला कडुनिंब चावला होतात, त्याच्या जवळचाच हा कडूपणा, फक्त घशाखाली कोरडा, स्वच्छ उतरतो. बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम असतं, त्यानं कडूपणाला ही धार येते. दुसरा घोट घ्या आणि वास शोधा. सापडत नाही? तो बुचाबरोबरच संपला. तोडणीला दीडएक वर्ष उलटलंय. समुद्र, उकाडा, हिंदकळणं यांत सुगंध विरत गेला. कडूपणा मात्र बराचसा टिकून मोमिनाबादला पोचला, त्यानंच तर एल आंबण्यापासून वाचवली. आत साहेब लोक ही एल ग्लासांमागून ग्लास रिचवताहेत. तिचा सगळ्यात चांगला भाग पडवीत, आबदाराच्या आणि तुमच्या नाकाशी येऊन गेला.

नदीकाठची शिंदी आठवा. ती अर्धा दिवस टिकली नाही, पण तिचं सगळं तुम्हाला मिळालं. ताज्या हॉप्सच्या एलचंही तसंच आहे, ती जिथं बनते तिथंच प्यावी. तुमच्या काळात हॉप्स हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यातही पिकतात आणि पुण्यात एल बनवणारे छोटे कारखाने आहेत. तिथं कधी ताज्या हंगामाच्या हॉप्सची एल मिळाली, तर बाटली घरी नेऊन सणासाठी राखून ठेवू नका. भरल्याची तारीख वाचा, आणि त्याच आठवड्यात उघडा.