टोपलीतला चेंडू आणि नागपाड्याचे मैदान

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी इतिहासावर लिहा, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. चाळीसगावात राहून इतिहास म्हटला की पाटणादेवी, भास्कराचार्य आणि पितळखोऱ्याची लेणी याच गोष्टी समोर येतात. त्या विषयांवर अधिकारी माणसांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे. म्हणून मी एका खेळाचा इतिहास निवडला आहे. तोही आपल्याकडच्या मातीतला नव्हे, बास्केटबॉलचा. आपल्या स्टेशनावरून मुंबईकडे जाणारी गाडी सव्वातीनशे किलोमीटर धावून जिथे थांबते, त्या शहरात नागपाडा नावाची एक दाट वस्ती आहे. या खेळाने तिथे किती घरांची चूल पेटविली, हे आपल्या भगिनींनी वाचण्यासारखे आहे.

प्रथम खेळाच्या जन्माची हकीकत. खो-खो, आट्यापाट्या किंवा हुतूतू कोणी शोधून काढले, असे विचारले तर उत्तर देता येत नाही. ते खेळ होतेच. डेक्कन जिमखान्यासारख्या संस्थांनी विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांना नियमांच्या चौकटीत बसविले, इतकेच. बास्केटबॉलचे तसे नाही. त्याचा जनक ठाऊक आहे आणि महिनाही ठाऊक आहे. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावी, यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनच्या शिक्षणवर्गात, जेम्स नाइस्मिथ या कॅनडाच्या शिक्षकाने तो रचला. हिवाळ्यात बाहेर बर्फ पडलेले, अठरा दांडगट विद्यार्थी कवायतीला कंटाळलेले. नाइस्मिथने तेरा नियम लिहिले आणि व्यायामशाळेच्या सज्जाला दोन्ही टोकांना पीच फळांच्या टोपल्या ठोकविल्या. सज्जा जमिनीपासून दहा फूट उंच होता, म्हणून टोपली दहा फुटांवर गेली. आज जगभर ती त्याच उंचीवर आहे. टोपल्यांना बूड होते. चेंडू पडला की कोणीतरी शिडीवर चढून तो काढावयाचा! पहिल्या सामन्यात हा त्रास एकदाच झाला, कारण एकच गोल झाला.

आता पुढची गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते, आणि पुरुषांनी लिहिलेल्या इतिहासात ती एका ओळीत आटोपते. खेळ निघून वर्षही झाले नव्हते, तोच जवळच्या स्मिथ कॉलेजातील सेंडा बेरेनसन या शिक्षिकेने तो मुलींना शिकविला. बाई मूळच्या लिथुआनियाच्या आणि लहानपणी प्रकृतीने नाजूक. २२ मार्च १८९३ रोजी तिथे मुलींचा पहिला सामना झाला आणि तो पाहावयास पुरुषांना मज्जाव होता. मुलींना दम लागू नये म्हणून बेरेनसनबाईंनी मैदानाचे तीन भाग पाडले. जिने तिने आपल्याच भागात राहावयाचे, कोणी कोणाच्या हातचा चेंडू हिसकावावयाचा नाही. पाच घागरी विहिरीवरून आणणाऱ्या बाईला दम लागत नाही आणि चेंडूमागे धावले की लागतो, हे शास्त्र तेव्हा अमेरिकेतही होते म्हणावयाचे! मंगळागौरीच्या जागरणात रात्रभर फुगड्या घालणाऱ्या आपल्या आज्यांना हे कोणी सांगितले असते तर त्या हसल्या असत्या. तरीही बेरेनसनबाईंना मी दोष देणार नाही. त्या काळी दाराला फट पाडावयाची तर अशीच पाडावी लागे. मात्र ती पुरी उघडण्यास फार वर्षे लागली. पुरुषांचा बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये १९३६ साली आला, स्त्रियांचा १९७६ साली. मध्ये चाळीस वर्षे गेली.

१९३६ चे ते बर्लिन ऑलिंपिक आपल्यालाही परके नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक तेव्हा बर्लिनला गेले होते आणि त्याने देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. त्याच दिवसांत, त्याच शहरात, वृद्ध नाइस्मिथ आपला खेळ ऑलिंपिकमध्ये आलेला पाहत होता. अंतिम सामना उघड्यावर, मातीच्या टेनिस कोर्टावर, भर पावसात झाला. चिखलात चेंडू उसळेना. अमेरिकेने कॅनडाला १९ विरुद्ध ८ असे हरविले.

हिंदुस्थानात हा खेळ अमेरिकेबाहेरच्या अनेक देशांच्या आधी आला. पहिल्या सामन्यात खेळलेल्या अठरांपैकी डंकन पॅटन हा १८९४ च्या सुमारास इकडे आला आणि त्याने तो सोबत आणला. १९२० साली हॅरी क्रो बक याने मद्रासला शारीरिक शिक्षणाचे विद्यालय काढले. तिथे शिकून बाहेर पडलेल्या शिक्षकांनी हा खेळ गावोगावच्या शाळांत नेला. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९३४ साली दिल्लीत भरली, आणि १९५० साली अखिल भारतीय संघटना उभी राहिली.

आता नागपाडा. मुंबई सेंट्रल आणि भायखळा यांच्यामधली ही वस्ती. गिरणीकामगार, हातावर पोट असलेली माणसे, मुसलमान, ख्रिस्ती, यहुदी, सारी एका गल्लीत. १९२६-२७ च्या सुमारास अमेरिकन मराठी मिशनच्या वतीने डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी तिथे 'नागपाडा नेबरहुड हाउस' ही संस्था काढली. शिकागोत जेन अ‍ॅडम्स या बाईंनी १८८९ साली गरीब वस्तीत बिऱ्हाड करून हल हाउस चालविले होते. नागपाड्याची कल्पना त्याच जातीची. शेजाऱ्याच्या नात्याने वस्तीत राहावयाचे, दवाखाना, वाचनालय, वर्ग आणि खेळाचे मैदान चालवावयाचे. याच घरात १९३६ साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाचे समाजकार्याचे विद्यालय सुरू झाले. देवनारची आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. जाता जाता सांगते, हे मिशन आपल्याला दुसऱ्या एका कारणानेही ठाऊक असावे. मुंबईत मुलींची शाळा त्यांनी १८२४ सालीच काढली होती, आणि अहमदनगरला सिंथिया फरारबाईंच्या ज्या शाळेत सावित्रीबाईंनी अध्यापनाचे शिक्षण घेतले तीही याच मिशनची.

बास्केटबॉल नागपाड्यातच का रुजला? मला कारण साधे दिसते. क्रिकेटला एकरांत मोजावी लागेल एवढी जागा हवी, बॅट हवी, पॅड हवेत. बास्केटबॉलचे मैदान अठ्ठावीस मीटर लांब आणि पंधरा मीटर रुंद. दोन खांब आणि दहा जणांत एक चेंडू. दिवा लागला तर रात्रीही खेळता येते, म्हणजे दिवसा कामावर जाणाऱ्या पोराला तो परवडतो. चाळींच्या गर्दीत एवढा तुकडा कसाबसा मोकळा राहतो. मस्तान वायएमसीए आणि नागपाड्याच्या संघांनी अशा तुकड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या मुले घडविली. गुलाम अब्बास मुंतसिर हे त्या वस्तीचे सर्वांत मोठे नाव. त्यांनी भारतीय संघाचे कर्णधारपद भूषविले आणि १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळविला. त्यांच्या आगेमागे या एवढ्याशा मोहल्ल्यातून देशासाठी खेळणारे अनेक जण निघाले.

हे खेळाडू हौशी की धंदेवाईक? नाटकमंडळ्यांच्या बाबतीत आपण हे दोन शब्द सहज वापरतो. बास्केटबॉलच्या बाबतीत गंमत अशी की बरेचसे मधल्या पायरीवर होते. अमेरिकेतल्यासारखा खेळण्याचा पगार इथे कोणी देत नसे. ऑलिंपिकच्या जुन्या नियमांप्रमाणे तसा घेणेही चालत नसे, ती अट या खेळापुरती १९८९ साली उठली. परंतु रेल्वे, कस्टम्स, बँका आणि मोठे कारखाने यांना आपापले संघ हवे असत. चांगला खेळणाऱ्या पोराला ते नोकरी देत. तो कागदावर कारकून असे, हजेरीपटावर सही करी आणि सरावाच्या वेळी मैदानावर जाई. रेल्वेने तर १९२८ पासून क्रीडामंडळ चालविले आहे. गल्लीतला संघ मुलाला खेळ शिकवी आणि रेल्वेचा संघ त्याला भाकरी देई. गल्लीच्या संघाच्या हाती स्पर्धेचे चषक तेवढे उरत. मला यात थोडा अन्याय वाटतो. घडविणाऱ्याचे नाव मागे पडते आणि नेणाऱ्याचे पुढे राहते. परंतु ज्या आईच्या घरात महिन्याच्या पहिल्या तारखेला पगार येऊ लागला, तिला या वादाशी कर्तव्य नव्हते.

मुलींच्या बाबतीत तर ही रेल्वेची नोकरीच निर्णायक ठरली. आपल्या घरांत मुलगी शाळेच्या संघात खेळते तोवर कौतुक असते. अठरावे लागले की 'आता पुरे' होते, आणि याला खानदेशही अपवाद नाही, मुंबईही नाही. पण खेळामुळे सरकारी नोकरी लागते म्हटल्यावर सासरसुद्धा विचार करू लागते. भारतीय रेल्वेचा महिला संघ वर्षानुवर्षे राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकत आला, त्यामागे हे गणित आहे. १९८३ चा अर्जुन पुरस्कार सुमन शर्मा यांना मिळाला. या खेळात तो मिळविणारी ती पहिली स्त्री. केरळची गीतू अ‍ॅना जोस दक्षिण रेल्वेत नोकरी करीत खेळली. २००६ पासून काही हंगाम ती ऑस्ट्रेलियात रिंगवुडच्या संघाकडून खेळून आली, आणि २०११ साली अमेरिकेतील स्त्रियांच्या व्यावसायिक संघांनी तिला चाचणीसाठी बोलाविले. पुण्याची शिरीन लिमये हिची आई स्वतः बास्केटबॉल खेळाडू. आईने मैदान सोडताना मुलीच्या हाती चेंडू दिला, असे म्हणावयास हरकत नाही. २०१७ साली बंगळूरला आशिया चषकाच्या दुसऱ्या श्रेणीत भारतीय मुलींनी कझाकस्तानला ७५ विरुद्ध ७३ असे हरवून पहिल्या श्रेणीत प्रवेश मिळविला, त्या संघात शिरीन होती. पुढे तिने भारताचे नेतृत्वही केले.

उघड पैसे देऊन खेळविणारे संघ निघाले ते अलीकडे. २०१५ साली एक व्यावसायिक साखळी सुरू झाली, तीत मुंबई चॅलेंजर्स आणि पुणे पेशवाज हे दोन संघ आपल्या राज्याचे होते. संघाला पेशव्यांचे नाव आणि खेळ अमेरिकेचा, हे ऐकून आमच्या घरातील वडीलधारी मंडळी चकित झाली! ती साखळी २०१७ नंतर थांबली. २०२२ च्या सुमारास दुसरी निघाली आणि तीत मुंबईचा संघ पुन्हा उतरला. पहिल्या साखळीत सारे संघ पुरुषांचे होते. मुलींना अजून रेल्वेच्या भरतीची जाहिरातच पाहावी लागते. त्या जाहिरातीत राष्ट्रीय स्पर्धेत खेळल्याचे प्रमाणपत्र मागतात, आणि ते मिळावयाचे तर मुलीला बाराव्या-तेराव्या वर्षी चेंडू हातात मिळावा लागतो, अठ्ठावीस मीटर बाय पंधरा मीटर सपाट जागेवर, संध्याकाळी सहा ते आठ, आणि घरी न्यावयास कोणीतरी मोठे माणूस यावे लागते.