स्वित्झर्लंडची जुनी बंदूक आणि नवे काडतूस

स्वित्झर्लंड हा शांततेचा देश म्हणून जगाला परिचित आहे. परंतु ही शांतता निःशस्त्र नव्हे. तेथील नागरिक हाच सैनिक असून त्याची रायफल त्याच्या घरी असते. सेवा संपल्यावर ठरावीक अटींवर ती त्याला स्वतःजवळ ठेवताही येते. अशा देशात बंदुकीचा नमुना बदलणे हा केवळ शस्त्रागाराचा प्रश्न राहत नाही. तो घराघरांचा प्रश्न होतो.

१८८९ साली स्विस सैन्याने नवी रायफल स्वीकारली. तिची यंत्ररचना रुडॉल्फ श्मिट यांची, तर लहान व्यासाची वेष्टित गोळी एडुआर्ड रूबिन यांची. या रायफलीचा बोल्ट फिरवावा लागत नसे. मूठ सरळ मागे ओढून पुढे ढकलली की काम भागे. तिच्या पेटीत १२ काडतुसे मावत. त्या काडतुसाला ‘जी.पी. ९०’ असे नाव होते. गोळी बोथट टोकाची, सुमारे १४ ग्रॅम वजनाची, आणि वेग सेकंदाला सुमारे ६०० मीटर.

या रचनेत एक उणीव होती. बोल्ट जागी अडकवून धरणारे दाते बरेच मागे होते. स्फोटाचा सारा ताण त्या लांबलचक भागावर पडे. १८९६ साली हे दाते पुढे आणण्यात आले आणि रचना बळकट झाली.

पुढे १९११ साली ‘जी.पी. ११’ हे काडतूस आले. त्याची गोळी टोकदार, मागे निमुळती, ११.३ ग्रॅम वजनाची होती. वेग सेकंदाला ८०० मीटरच्या आसपास गेला आणि नळीतील दाबही वाढला. आता जुन्या बंदुकांचे काय करावयाचे? काटकसरी स्विस लोकांनी १८९६ च्या रायफली मोडीत काढल्या नाहीत. त्यांना नवी नळी, नवी माशी, ६ काडतुसांची पेटी आणि दस्त्याला पकडीचा नवा तुकडा बसवून ‘९६/११’ हा नमुना सिद्ध केला. १८८९ च्या रायफलीला मात्र हे रूपांतर लाभले नाही. तिच्या रचनेला नव्या काडतुसाचा जोर पेलणारा नव्हता. तिच्यासाठी जुनेच काडतूस ठेवावे लागले. १९२३ मध्ये त्याची सुधारित आवृत्तीही निघाली.

पुढे यांतील असंख्य रायफली सैन्यातून निघून परदेशी संग्राहकांच्या हाती गेल्या. धोका येथेच आहे. दोन्ही काडतुसे साडेसात मिलिमीटरचीच म्हणविली जातात, दिसावयास जवळची आहेत, आणि नवे काडतूस १८८९ च्या रायफलीत शिरूही शकते. परंतु शिरणे म्हणजे सोसणे नव्हे. बाहेरून एका घराण्याच्या दिसणाऱ्या या बंदुकांतील भेद दात्यांच्या जागेत आणि नळीत दडलेला आहे.

नावानेही घोटाळा वाढविला आहे. पुढे स्विस सैन्याने ५.६ मिलिमीटरची रायफल स्वीकारली, तेव्हा तिच्या काडतुसासही ९० हाच आकडा मिळाला. पहिला १८९० चा, दुसरा १९९० चा. शंभर वर्षांच्या अंतराने आलेल्या या दोन काडतुसांत नावापलीकडे काही साम्य नाही. म्हणून जुनी स्विस रायफल हाती घेणाऱ्याने आधी तिच्यावरील नमुन्याचा आकडा आणि घडण पाहावी, मग काडतुसाची पेटी उघडावी. १९११ च्या शस्त्रज्ञांनी हाच विवेक दाखविला होता: जे नव्याचा भार पेलू शकेल ते सुधारावे, जे पेलू शकणार नाही त्याला त्याच्या जुन्या मापातच राहू द्यावे.