इगतपुरीचं इंजिन

माझी मुलगी अकरावीत आहे, मुलगा नववीत. या दोघांना हाताशी घेऊन एक जुनी फोर व्हील ड्राइव्ह जीप पुन्हा उभी करायची, असं घरात ठरलं. मग कोणती जीप, हा प्रश्न आला आणि त्याचं उत्तर शोधता शोधता मी ऐंशी वर्षांच्या इतिहासात शिरले. मी नाशिकला गणित शिकवते. माझे वडील इगतपुरीच्या इंजिन कारखान्यात फिटर होते. त्यामुळे हा इतिहास मला पुस्तकांत जेवढा सापडला, तेवढाच आमच्या ओळखीपाळखीच्या निवृत्त कामगारांच्या घरी सापडला.

जीपचा जन्म घाईत झाला. जुलै 1940 मध्ये अमेरिकी लष्कराने हलक्या, चारही चाकांना जोर देणाऱ्या टेहळणी गाडीची मागणी काढली आणि पहिला नमुना 49 दिवसांत हवा अशी अट घातली. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावची अमेरिकन बँटम ही लहानशी कंपनी पुढे आली. कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने आराखडा काढला आणि 23 सप्टेंबर 1940 रोजी गाडी मेरिलँडच्या होलाबर्ड छावणीत पोचली. पण हजारोंनी गाड्या बनवण्याची ताकद बँटमकडे नव्हती. मोठं काम गेलं टोलेडोच्या विलीज-ओव्हरलँडकडे आणि फोर्डकडे. विलीजकडे बार्नी रूस या अभियंत्याने घडवलेलं दणकट पेट्रोल इंजिन होतं, तेच सगळ्यांसाठी कायम झालं. महायुद्ध संपेपर्यंत या दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बनवल्या.

एवढ्या गाड्या जगभरच्या चिखलात आणि वाळूत जाणार, तर त्या दुरुस्त कोण करणार? हा विचार या गाडीच्या अंगात भिनलेला आहे. पत्रा जवळजवळ सपाट, म्हणजे ठोकून सरळ करता येतो. काच पुढे झोपवता येते. चेसिस शिडीसारखी, तिच्यावर हौदा बोल्टांनी बसवलेला. विलीजचे आणि फोर्डचे बहुतेक भाग एकमेकांना बसतात. शेतावरून किंवा गिरणीतून सैन्यात आलेल्या मुलाला मोजक्या पान्यांवर ती खोलता आणि जोडता यावी, हा हेतू होता. शिकायला बसलेल्या मुलांसाठी याहून सोयीची रचना मला दुसऱ्या कुठल्याही मोटारीत दिसलेली नाही.

ही गाडी मुंबईला आली त्याची कथा फाळणीतून जाते. कैलासचंद्र महिंद्रा युद्धकाळात भारताच्या पुरवठा मंडळाचे प्रमुख म्हणून अमेरिकेत होते. 1945 मध्ये त्यांनी, बंधू जगदीशचंद्र यांनी आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी मिळून पोलादाच्या व्यापारासाठी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले. ते तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही झाले. 1948 मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. त्याच सुमारास विलीजच्या जीपा सुट्या भागांच्या रूपात मुंबई बंदरात उतरू लागल्या आणि माझगावला त्यांची जुळणी सुरू झाली.

जुनी गाडी निवडणाऱ्याने त्याच वर्षातली आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. काश्मीरच्या लढाईसाठी लष्कराला जीपा हव्या होत्या. लंडनमधले भारताचे उच्चायुक्त कृष्ण मेनन यांनी दुरुस्त करून दिल्या जाणाऱ्या जुन्या जीपांचा सौदा केला. आल्या त्या 155, आणि त्याही लष्कराच्या कामाच्या निघाल्या नाहीत. संसदेत त्यावरून मोठं वादळ उठलं. रंग दिलेली जुनी जीप आणि दुरुस्त झालेली जुनी जीप यांतला फरक या देशाने स्वातंत्र्याच्या सुरुवातीच्या वर्षांतच मोठी किंमत मोजून पाहिला आहे. गाडी पाहायला जाताना मुलांना मी हा प्रसंग सांगितला होता.

महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत जीप शिरली ती सरकारी कामातून. 2 ऑक्टोबर 1952 ला सामुदायिक विकास योजना सुरू झाली, 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. बीडीओची जीप, पाटबंधारे खात्याची जीप, वनखात्याची जीप, मलेरियाच्या फवारणीवाल्यांची जीप. डांबरी सडक संपली की एस.टी. थांबायची आणि जीप पुढे जायची. 1972 च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या आणि पाझर तलावांच्या कामांवर साहेब यायचे ते जीपमधूनच. त्या पिढीच्या आठवणीत जीपचा आवाज म्हणजे कुणीतरी मोजमाप घ्यायला, पगार वाटायला किंवा चौकशीला आलं, याची वर्दी.

या काळातलं मुख्य मॉडेल सीजे-3बी. उंच बॉनेटची ही जीप अमेरिकेत 1953 ला आली आणि 1968 ला बंद झाली. तिथे ती सुमारे दीड लाख बनली. उंच बॉनेटचं कारण इंजिनात आहे. जुन्या रचनेत दोन्ही व्हॉल्व्ह बाजूला, ब्लॉकमध्ये असत. नव्या ‘हरिकेन’ इंजिनात एक व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये गेला. इंजिन उंच झालं, म्हणून बॉनेट उचलावं लागलं. अमेरिकेने ती सोडून दिली तरी भारतात ती पुढे कित्येक वर्षं बनत राहिली. मॉडेल वर्षानुवर्षं बदललं नाही, म्हणून एकाच गाडीचं ज्ञान बापाकडून मुलाकडे, उस्तादाकडून हाताखालच्या पोराकडे जात राहिलं. माझ्या मते जीपच्या इथल्या इतिहासातली ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

मग पेट्रोल महागलं. 1973 च्या तेलसंकटानंतर तहानलेली पेट्रोल जीप शेतकऱ्याला आणि प्रवासी वाहतूक करणाऱ्याला परवडेना. महिंद्राने जीपमध्ये आधी ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन बसवलं. 1979 मध्ये फ्रान्सच्या प्यूजोशी एक्सडीपी 4.90 या डिझेल इंजिनाच्या परवान्याचा करार झाला आणि ते इंजिन इगतपुरीत बनू लागलं. नावातच त्याचं माप आहे: चार सिलिंडर, प्रत्येकाचा बोअर 90 मिलिमीटर.

इगतपुरीला इंजिनं नवी नव्हती. थळ घाटात 1 ला 37 असा चढ आहे, म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लावायची आणि ढकलत वर आणायचं, हे गाव पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलेलं. त्या पावसाळी, धुक्याच्या गावात आता मोटारीची इंजिनं जुळू लागली. आजूबाजूच्या गावांतून आयटीआय झालेली मुलं कामाला लागली, त्यांतले एक माझे वडील. मायक्रोमीटर कसा धरायचा, बोल्ट कुठल्या क्रमाने आवळायचे, हे ते तिथे शिकले. घरी सायकलचं चाक बसवतानाही ते नट समोरासमोर, थोडे थोडे करून आवळायचे आणि मलाही तसंच करायला लावायचे.

या इंजिनावर 1980 च्या दशकाच्या मध्यात एमएम 540 आली, पाठोपाठ एमएम 550. लांब चेसिसच्या कमांडर जीपा काळी-पिवळी होऊन नाशिक, धुळे, नगरच्या रस्त्यांवर धावल्या. कोल्हापूर-साताऱ्याकडे त्यांना वडाप म्हणत. बाजारचा दिवस, लग्नाचं वऱ्हाड, अडलेली बाळंतीण, निवडणुकीचा कर्णा, सगळं त्या जीपांनी वाहिलं. टायर पंक्चर झालं तर ठीक, पण घाटात गिअर बॉक्स बसला तरी चालक तिथेच खोलून बसायचा.

एवढं समजल्यावर आमच्यापुढे निवडीला गाड्या उरल्या त्या अशा.

पहिली, महायुद्धातली खरी विलीज किंवा फोर्ड. ब्रह्मदेशच्या आघाडीवरून मागे राहिलेल्या अशा गाड्या युद्धानंतर डिस्पोजलच्या लिलावांतून लोकांकडे गेल्या. ओळखायच्या खुणा मुलांना फार आवडल्या: फोर्डने आपल्या बोल्टांच्या डोक्यांवर इंग्रजी एफ कोरला होता. चेसिसची पुढची आडवी पट्टी विलीजमध्ये गोल नळीची असते, फोर्डमध्ये उलट्या यू आकाराची. पण आज अशा गाडीत अर्धा माल दुसऱ्या जीपांचा निघतो. अस्सल भाग परदेशातून आणायचे, तर मुलांच्या हाती काम कमी आणि पार्सलची वाट पाहणं जास्त.

दुसरी, जबलपूरच्या लष्करी कारखान्याची जोंगा. ‘निसान पॅट्रोल’ या गाडीच्या परवान्यावर बनलेली, सहा सिलिंडरची, जवळजवळ चार लिटरची. तिचा रुबाब मुलाच्या मनात भरला होता. पण इंजिन इतकं जड, की घरच्या अंगणात ते उतरवणं मला धोक्याचं वाटलं, आणि आमच्या भागात तिचा जाणकार मिस्त्री सापडेना. तिसरी, 1985 ला आलेली मारुती जिप्सी. हलकी, चिवट, भागही मिळतात. मात्र चांगल्या जिप्सीला रॅलीवाल्यांची मागणी असल्याने किंमत आमच्या आवाक्याबाहेर.

राहिल्या दोन: सीजे-3बी आणि एमएम 540. इथे कायद्याचाही विचार करावा लागला. 2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे 50 वर्षांहून जुन्या खासगी गाडीची व्हिंटेज म्हणून नोंद होते आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा लागतो, आणि अशी गाडी रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. पन्नाशी ओलांडलेली सीजे-3बी त्यात बसते. एमएम 540 वयाने त्यापेक्षा लहान. तिचं पासिंग करून आणि पर्यावरण कर भरून नोंदणीचं नूतनीकरण केलं, तर ती रोजच्या वापरात राहते. दोन्हींच्या बाबतीत पाहणी एकच: आरसी बुकातले चेसिस आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळले पाहिजेत. इंजिन बदललं आणि बुकात नोंद नाही, अशा जीपा पुष्कळ आहेत. कितीही स्वस्त असली तरी अशी गाडी घेऊ नये.

निवडीच्या दिवसांत आम्ही दोन्ही इंजिनांचं गणित मांडलं. हरिकेनचा बोअर 79.4 मिलिमीटर, स्ट्रोक 111.1, चार सिलिंडरांचं घनफळ भरतं 2199 घन सेंटिमीटर. प्यूजोचा बोअर 90, स्ट्रोक 83, घनफळ 2112. दोन्ही जवळपास सारखी, पण एक उंच आणि सडपातळ, दुसरं बसकं आणि रुंद. लांब स्ट्रोकचं इंजिन कमी फेऱ्यांत जोर देतं, म्हणून जुनी जीप दगडधोंड्यांतून चालत्या माणसाच्या वेगाने चढते. वृत्तचितीचं सूत्र मुलगी परीक्षेसाठी शिकली होती. इथे त्या सूत्राने तिला एका यंत्राचा स्वभाव सांगितला.

शेवटी आम्ही एमएम 540 घेतली. सीजे-3बी अधिक देखणी आहे, इतिहासाने अधिक श्रीमंत आहे, आणि ज्यांच्या गावात तिचे जाणकार आहेत त्यांनी ती जरूर घ्यावी. आमच्या निवडीचं कारण माणसं होती. ज्या हातांनी हे इंजिन जुळवलं, ते हात नाशिक-इगतपुरीच्या टापूत अजून आहेत. अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतींत लेथवर बुश काढून देणारे, इंजेक्टर तपासून देणारे, कमानपाटे नव्याने वाकवून देणारे कारागीर आहेत. वडिलांचे एक जुने सहकारी सुट्टीच्या दिवशी येऊन ओट्यावर बसतात. मुलं त्यांना काका आजोबा म्हणतात. हीटर प्लग कसे तपासायचे, हेडचे बोल्ट मधून सुरू करून बाहेर कसे जायचे, हे ते स्वतः हात न लावता सांगतात आणि मुलांना करायला लावतात. मुलगा प्रत्येक भागाचा फोटो काढून, नट-बोल्ट डब्यात घालून त्यावर नाव लिहितो. मुलगी मापं घेते आणि वहीत उतरवते.

काही काटेकोर नियम आम्ही पाळतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणी जात नाही, घोड्या लावल्याशिवाय कामाला हात नाही. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये आणि क्लच प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ती धूळ हवेने उडवायची नाही, ओल्या फडक्याने टिपायची. जुना रंग कोरडा घासायचा नाही, त्यात शिसं असू शकतं. डिझेलच्या टाकीला वेल्डिंग घरी नाही. आणि अठरा पूर्ण होऊन लायसन्स मिळेपर्यंत दोघांपैकी कुणीही ती रस्त्यावर चालवणार नाही. जीप पूर्ण होईल तेव्हा मुलगी त्या वयाच्या जवळ असेल, हेही बरंच आहे.

जीपा संग्रहालयात टिकतील, त्यांची छायाचित्रंही टिकतील. नट समोरासमोर का आवळायचा, आवाजावरून कुठला व्हॉल्व्ह ढिला आहे, हे ज्यांच्या कानांत आणि बोटांत आहे ती पिढी मात्र आता सत्तरीच्या पुढे आहे. महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासात कंपन्यांची नावं आहेत, करारांची वर्षं आहेत. या फिटरांचं ज्ञान फारसं कुणी लिहून ठेवलेलं नाही. ते एका पिढीतून दुसरीत जातं ते फक्त काम करता करता. म्हणून मुलांसोबत जुनी गाडी उभी करू पाहणाऱ्या आईबापांना माझं एवढंच सांगणं आहे: बाजारात कोणती गाडी गाजते ते नंतर पाहा, आधी आपल्या गावातल्या म्हाताऱ्या मिस्त्र्याला विचारा की कोणत्या गाडीवर त्याचं आयुष्य गेलं. ती घ्या, आणि याच वर्षी घ्या.