कळण्याच्या भाकरीतली प्रथिने

कळणा : ज्वारीत सालासकट उडीद आणि मीठ घालून दळलेले पीठ. नशिराबादकडे आणि एकूणच खानदेशात त्याची भाकरी होते. खाली दिलेले प्रथिनांचे आकडे मात्र कोरड्या धान्याचे आहेत, भाकरीचे नव्हेत. भाकरीत पाणी असते, म्हणून तिच्या १०० ग्रॅममध्ये प्रथिने कमी भरतात.

हे आकडे काढताना प्रयोगशाळेत सहसा प्रथिने थेट मोजत नाहीत, नायट्रोजन मोजतात. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये ही रीत बसवली : नमुना तीव्र गंधकाम्लात उकळायचा, मग अल्कली घातल्यावर सुटणारा अमोनिया मोजायचा आणि त्यावरून नायट्रोजन काढायचा. प्रथिनांत तो सरासरी १६ टक्के असतो, म्हणून त्याला ६.२५ ने गुणतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या कोष्टकांत १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम, तर सबंध उडदात सुमारे २२ ग्रॅम प्रथिने आहेत. तीन भाग ज्वारीला एक भाग उडीद धरला, तर कळण्यात १३ ग्रॅम येतात. पण ज्वारीत कमी असलेले लायसिन हे अमिनो आम्ल उडीद भरून काढतो, ही कळण्याची खरी थोरवी नायट्रोजनाच्या मापात दिसत नाही. त्यासाठी अमिनो आम्ले वेगळी मोजावी लागतात. — संपादक