काका, एक ओए ७९ आहे का?

मोबाइल इथेच ठेवा. आपण जिथे निघालो आहोत तिथे त्याला रेंज मिळणार नाही, आणि तो काय आहे हे लोकांना सांगत बसलात तर दुकान बंद व्हायची वेळ होईल. पायात चपला सरकवा, अंगात अर्ध्या बाह्यांचा सुती शर्ट घाला. शर्टाच्या खिशात चार घड्या घातलेला वहीचा कागद आहे. तो घामाने भिजू देऊ नका, आजचं सगळं काम त्याच्यावर आहे.

तुम्ही चौदा वर्षांचे आहात. साल १९८६, मे महिना, रत्नागिरी. दुपारचे साडेचार वाजलेत.

एस.टी. स्टँड मागे टाकून रामआळीच्या दिशेने चालू लागा. डांबर इतकं तापलंय की चपलेला हलकं चिकटतं. शर्ट केव्हाच पाठीला चिकटला आहे. रस्त्याच्या कडेला एक ट्रक उभा आहे आणि हमाल त्यावर हापूसच्या लाकडी पेट्या चढवताहेत. पेंढ्याचा आणि पिकत आलेल्या आंब्याचा वास नाकात भरतो. वारा फिरला की त्याच्या जागी सुकटीचा वास येतो. सायकलच्या घंटा, भज्यांच्या कढईची चरचर, एका घरातून ऐकू येणारी रेडिओवरची गाणी. त्या रेडिओपाशी क्षणभर थांबा. तो कसा बोलतो, हाच प्रश्न तुम्हाला आठवडाभर झोपू देत नाहीये.

आता दोन पायऱ्या चढा. जांभ्याच्या आहेत, कडा झिजल्यात, जपून. पाटीवरची अक्षरं उन्हाने उडाली आहेत, पण वाचता येतं: रेडिओ, ट्रान्झिस्टर दुरुस्ती व सुटे भाग.

बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर पहिल्यांदा काही दिसत नाही, वास मात्र लगेच येतो: तापलेल्या राळेचा, जुन्या बेकलाइटचा, ट्रान्सफॉर्मरच्या वार्निशचा. मग हळूहळू दिसू लागतं. भिंतभर लहान लहान खण, वैद्याच्या दुकानात काष्ठौषधींचे असतात तसे. प्रत्येक खणावर चिकटवलेला कागद, त्यावर शाईने लिहिलेला नंबर. छतापासून लोंबणाऱ्या स्पीकरच्या रिंगा. टेबलावर पोट उघडून ठेवलेले तीन रेडिओ, त्यातला एक नुसताच खरखरतोय. पंखा फिरतो खरा, पण तो गरम हवाच इकडची तिकडे करतो.

काउंटरशी गर्दी आहे. ढकलू नका, नंबर येईल. तोवर बघत राहा, कारण बघणं इथे फुकट आहे.

सगळ्यांत पुढे मिरकरवाड्याचे एक तांडेल उभे आहेत. त्यांचा ट्रान्झिस्टर टॉवेलात गुंडाळलेला आहे. होडीवर हवामान कळायला तोच आधार. काउंटरमागचे काका मागचं झाकण काढतात. सेलच्या स्प्रिंगांवर हिरवट थर चढलाय, तांब्याच्या तारेचं टोक तर पूर्ण खाल्लं गेलंय. "खारी हवा," काका एवढंच म्हणतात आणि ब्लेडने खरवडायला लागतात. कोकणात रेडिओ म्हातारा व्हायच्या आधी गंजतो, आणि दुकान निम्मं त्या गंजावर चालतं. शेजारी लाउडस्पीकरवाले घायकुतीला आलेत. अॅम्प्लिफायरमधला २एन३०५५ उडाला आहे आणि रात्री वरात आहे. काका न बघता हात वर करतात, एका खणातून नाण्याएवढ्या रुंदीचा धातूचा ट्रान्झिस्टर काढतात आणि वर बजावतात, "अभ्रकाची चकती घालायला विसरू नको, नाहीतर बॉडी शॉर्ट होईल आणि हाही उडेल." मागे एक निवृत्त मास्तर वर्तमानपत्रात गुंडाळलेला जुना व्हॉल्व्ह घेऊन शांतपणे उभे आहेत. त्यांचा मर्फी रेडिओ गप्प झालाय आणि त्यांना नवा घ्यायचा नाही.

"काय रे, काय लिहून आणलंस?"

हे तुम्हाला विचारलंय. कागद पुढे करा.

काका कपाळावरचा चष्मा नाकावर घेतात. "रेडिओ करतोयस? सर्किट कुठलं?"

"वाचनालयातल्या मासिकातून उतरवलं."

"बरं. हा डायोड काय लिहिलायस? ४१४८?"

"तो चालेल ना काका?"

"मेल्या, तो सिलिकॉनचा. त्याला अर्ध्याहून जास्त व्होल्ट मिळाल्याशिवाय तो दार उघडत नाही. तुझ्या एरियलवर एवढं कुठून येणार? जर्मेनियमचा ने. ओए ७९. त्याला याच्या निम्मंही पुरतं."

तळहातावर काचेची एक इवलीशी नळी येते. तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढी, दोन्हीकडे तारेचे पाय. वजन जाणवतही नाही. आकाशवाणीच्या लहरीतून माणसाचा आवाज ही नळी वेगळा काढणार आहे.

"डाख लावताना पाय पक्कडीत धर. उष्णता पक्कडीत जाऊ दे. आत गेली तर हा मेलाच म्हणून समज. आणि कॉइलच्या तारेची टोकं खरवडून घे, वार्निश असतं त्यावर."

मग एक खण उपडा होतो. जुन्या वर्तमानपत्रावर शेकडो रेझिस्टन्स पसरतात, सगळे रंगीत पट्ट्यांचे. "फोर के सेव्हन तूच शोध." काका पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतात. तुम्ही वाकता. काळा म्हणजे शून्य, तपकिरी एक, लाल दोन, नारिंगी तीन, पिवळा चार, हिरवा पाच, निळा सहा, जांभळा सात, राखाडी आठ, पांढरा नऊ. पिवळा, जांभळा, लाल: चार, सात, आणि पुढे दोन शून्यं. चार हजार सातशे ओहम. सापडला! शेवटचा पट्टा सोनेरी, म्हणजे किंमत पाच टक्के इकडेतिकडे. मास्तर तुमच्या खांद्यावरून बघताहेत आणि मान डोलावताहेत.

बीसी ५४८ ट्रान्झिस्टर दोन. काका दोन्हींच्या पायांना मल्टिमीटरच्या पिना लावतात, काटा उडी मारतो, तसे ते पुडीत जातात. टेन एमएफडीचा कंडेन्सर, स्टेशन लावायची पीव्हीसी गँग, फेराइटचा काळा दांडा, क्रिस्टल इअरफोन. कागदाच्या पाठीवर बेरीज होते. खिसा उलटा केलात तरी थोडे पैसे कमीच पडतात.

"राहू दे, पुढच्या वेळी दे. पण चालला की सांगायला ये हो!"

आता घरी पळा. पडवीत बसा, आत धूर केलेला चालणार नाही. २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न तापायला वेळ घेते. टोक राळेला लावलं की चर्र आवाज होतो आणि पांढरा धूर सरळ डोळ्यांत जातो. डोळे पुसा. कथलाचा थेंब चमकून पसरला तर सांधा पक्का, मळकट गोळा झाला तर पुन्हा करा. बोटाला एक चटका बसणारच, फुंकर मारा आणि पुढे चला. एरियलची तार परसातल्या माडाला बांधा. अर्थिंगची तार विहिरीजवळच्या ओल्या मातीत खोल खोचा.

इअरफोन कानात घाला. काही नाही.

गँग फिरवा. तरीही काही नाही. सेल बरोबर आहेत, सांधे चमकताहेत. आणि मग काकांचं वाक्य आठवतं. कॉइलच्या टोकांवरचं वार्निश! ब्लेड घ्या, तार लालसर चमकेपर्यंत खरवडा, पुन्हा डाख लावा. आता गँग अगदी हळू फिरवा.

कानात एक माणूस बोलतोय. लांबून, पातळ आवाजात, पण स्वच्छ मराठीत. तुमच्याच गावचं रत्नागिरी केंद्र, मध्यम लहरींवर ११४३ किलोहर्ट्झ. घरातला मोठा रेडिओही हेच बोलतो, पण हा तुम्ही बोलता केलाय. आईला बोलवा, आजीच्या कानाला इअरफोन लावा. आजी दचकून हसते.

दुसऱ्या दिवशी सांगायला गेलात की काका शाबासकीत वेळ घालवत नाहीत. "आवाज किती येतो? बरं, आता स्पीकरवर घे. टीबीए ८१० घाल." पण तो आयसी संपलाय. "मुंबईला कोण जाणार असेल तर लॅमिंग्टन रोडवरून मागव. नाहीतर तूच जा मामाकडे."

रत्नागिरीत रेल्वे अजून आलेली नाही, तेव्हा रात्रीची एस.टी. पकडा. लाल गाडीची काच मिटत नाही, कशेडी घाटात पोटात ढवळतं, महाडच्या आधी की नंतर झोप लागली ते कळत नाही. मुंबई सेंट्रलच्या डेपोत उतरा, तोंडावर पाणी मारा आणि चालत निघा. रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण विचारताना लॅमिंग्टन रोडच म्हणा. 'शोले' ज्या मिनर्व्हा थिएटरात वर्षानुवर्षं चालला, तेही याच रस्त्यावर आहे. आज मात्र पोस्टरं बघायला थांबू नका.

दुकानं अकराच्या सुमाराला उघडतात आणि मग रस्ता अंगावर येतो. हातगाडीवर टीव्हीची खोकी, टॅक्सीचे भोंगे, कुठल्यातरी दुकानात स्पीकरची चाचणी चालू, "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग". काउंटरशी माणसांच्या तीन-तीन रांगा, प्रत्येकाच्या हातात यादी. गुजराती, हिंदी, मराठी एकाच दमात. पोटमाळ्यावरचा पोऱ्या नंबर ऐकतो आणि वरूनच पुडी टाकतो, खालचा न बघता झेलतो. कोपरं वापरा, इथे लाजलात तर संध्याकाळ होईल. तुमच्या शेजारी कॉलेजचा मुलगा आहे, पलीकडे कारखान्याचा फोरमन, त्याच्यापलीकडे स्वतःच्या हाताने ट्रान्समीटर जोडणारे एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ. फोरमन तुमच्या कागदात डोकावतो. "८१० ला हीट सिंक लावणार आहेस ना? दिलेल्या पंखांवर भागणार नाही." त्याने तुम्हाला यापूर्वी कधी पाहिलेलं नाही. तरीही तो सांगतो, कारण तुम्ही दोघं एकाच काउंटरशी उभे आहात.

आयसी मिळाला? खिशात नीट ठेवा. आता परत येऊ या.

मोबाइल घ्या. त्यावर ओए ७९ शोधलात तर तो मिळेल, टीबीए ८१० सुद्धा. पुण्या-मुंबईच्या ऑनलाइन दुकानांतून काही दिवसांत घरी येईल. १९८६ साली रत्नागिरीतल्या मुलाने स्वप्नात पाहिले नसतील इतके भाग आज त्याच्या मुलांना एका बोटावर उपलब्ध आहेत. छंद मेलेला नाही. आर्डुइनोवर रोपांना पाणी घालणारी यंत्रं करणारी मुलं कोकणातही आहेत, आणि ही आनंदाचीच गोष्ट आहे.

काउंटर मात्र ओस पडत गेला. ही दुकानं छंदावर कधीच जगत नव्हती. ती दुरुस्तीवर जगत होती आणि छंदाला सांभाळून घेत होती. तांडेलांचा रेडिओ, वरातीचा अॅम्प्लिफायर, मास्तरांचा मर्फी यांच्या जिवावर तुमची उधारी चालत होती. पुढे भाग इतके बारीक झाले की ते पाय घालायच्या भोकांऐवजी थेट बोर्डावर चिकटू लागले, हाताने बदलणं अवघड झालं. दुरुस्तीपेक्षा नवी वस्तू स्वस्त पडू लागली. बिघडलेला भाग शोधण्याऐवजी अख्खा बोर्ड बदलला जाऊ लागला. दुरुस्ती गेली, तसा रेझिस्टन्सचा खणही गेला. लॅमिंग्टन रोडवरही आज लॅपटॉप, कॅमेरे आणि मोबाइलचं सामान पुढे आहे, सुटे भाग विकणारी दुकानं अजून टिकून असली तरी. हे फक्त आपल्याकडेच घडलं असंही नाही. अमेरिकेत सुटे भाग विकणाऱ्या रेडिओशॅकने २०१५ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, ब्रिटनमधली मॅपलिनची दुकानं २०१८ मध्ये बंद झाली.

आपण काय गमावलं ते नेमकं सांगायला हवं. वस्तू गमावलेली नाही. तुमच्या कागदावर ४१४८ लिहिलेलं होतं. ऑनलाइन दुकानाने तोच पाठवला असता, वेळेवर, व्यवस्थित पुडक्यात. रेडिओ बोलला नसता आणि चौदा वर्षांच्या मुलाला वाटलं असतं की आपल्याला हे जमत नाही. काउंटरपलीकडच्या माणसाने एक प्रश्न विचारला, "रेडिओ करतोयस?", आणि चूक पैसे जायच्या आधी दुरुस्त झाली. शाळेत न शिकवलेलं इलेक्ट्रॉनिक्स आपली लहान गावं या प्रश्नातून शिकली. ती व्यवस्था कुणी योजना आखून उभी केलेली नव्हती, म्हणून ती मोडताना कुणाच्या लक्षातही आलं नाही.

२०१६ पासून अनेक शाळांत अटल टिंकरिंग लॅब आल्या आहेत. कपाटात किट आहेत, थ्री-डी प्रिंटर आहेत. तिथे हवा आहे तो हा प्रश्न विचारणारा माणूस. दुकान बंद केलेले, नजर अजून शाबूत असलेले असे काका तुमच्या गावात असतील, तर त्यांना आठवड्यातून एक दुपार त्या लॅबमध्ये बोलवा. त्यांच्या माळ्यावर पडलेले खण शाळेला मागा, भंगारात जाऊ देऊ नका. आणि सुट्या भागांचं एखादं दुकान अजून उघडं असेल, तर या सुट्टीत मुलाला किंवा मुलीला घेऊन पायऱ्या चढा. यादी मुलाच्या हातात द्या, बोलणं त्यालाच करू द्या, तुम्ही मागे उभे राहा. भाव ऑनलाइनपेक्षा थोडा जास्त असेल. तो द्या, कारण त्यात विचारपूस धरलेली आहे.